मस्कतचं लायसन आणि चिरेखणीचं वळण

काजू पिकला की आमच्याकडे लोकांना हुर्राक, पहिल्या धारेची दारू, आठवतो. मला काउंटर आठवतो.

आज सकाळी जीपचं मागचं फळकूट खाली पाडलं आणि काजूच्या बोंडूंचा वास भसकन अंगावर आला. गोड, आंबूस, घशाला जरासा खवखवणारा. फाल्गुन लागला की हरमलच्या मागच्या डोंगरांवर हा वास नुसता बसून असतो. कपड्यांना लागतो, केसांना लागतो, दुपारच्या भातालाही येतो. किनाऱ्यावर उतरलेले पाहुणे स्कूटर थांबवून नाक वर करतात आणि विचारतात, हे काय. मला मात्र त्या वासाच्या आत दुसराच वास येतो. झेरॉक्सच्या यंत्राची गरम हवा, फिनेल, रांगेत घामेजलेले शर्ट. आणि डोकं सणकतं. नवरा मस्कतहून फोनवर म्हणतो, "झालं ते झालं, आता आलं ना लायसन हातात?" आलं की. पहिल्या पावसाबरोबर पोस्टमन घेऊन आला. वरातीमागून घोडं. काजू संपल्यावर आलेल्या लायसनाचं काय करायचं, हार करून गळ्यात घालायचा?

रागावू नको म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी गेल्या वर्षीचा तो हंगाम माझ्या जागी उभं राहून काढावा, मग बोलावं.

बाबा खाणीवरचे ट्रकवाले. घर पेडण्यात, पोट डिचोलीत. तिकडच्या खाणींवर माल भरायचा, आमोण्याच्या धक्क्यावर बार्जसाठी ओतायचा, रिकामा ट्रक घेऊन परत वर. जन्मभर हेच. शनिवारी घरी आले की आई त्यांना आधी विहिरीवर न्यायची. पाणी लाल, साबण लाल, टॉवेल लाल. कानांच्या पाळ्यांमागची लाली कधी गेलीच नाही. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकला, पण डोंगरावरचा काजू उतरवायला घेतलेली जुनी जीप तेवढी ठेवली. जीप चालवताना बाबा बोलत नसत. दुसऱ्या कुणाच्या बाजूला बसले तरी बोलत नसत. फक्त त्यांचा उजवा पाय बोलायचा. वळण आलं, म्हैस आडवी आली, पुढच्या बसचे लाल दिवे लागले, की बाबांचा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला गेलाच. तिथं ब्रेक नाही हे त्या पायाला कधी पटलंच नाही. चुलतभावाच्या वरातीत नवरदेवाच्या गाडीत पुढे बसले होते, तर तिथंही पाय चालूच. करवल्या मागे फिदीफिदी हसत होत्या. आमच्या जीपमध्ये डाव्या सीटसमोरच्या रबरी पायपुसण्याला एक भोक पडलंय. जीप नादुरुस्त असली की गावातला कुणीतरी चालवायचा आणि बाबा बाजूला बसायचे, त्या वर्षांचं ते भोक. ज्याच्या बाजूला बसल्यावर बाबांचा पाय हलला नाही, असा ड्रायव्हर मी पाहिला नाही.

मला त्यांनी जीपच्या चक्राला, स्टिअरिंगला, हात लावू दिला नाही. एकुलती एक मुलगी, तरी नाही. "डोंगराचो रस्तो आसा तो, खेळ न्हय," म्हणायचे. मग लग्न झालं, मस्कतला गेले, आणि तिथं शिकले. तिथली तऱ्हाही सांगते. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक गोरी बाई होती. तिनं आपल्या देशाचं लायसन एका खिडकीत दिलं आणि दुपारच्या आत तिथलं घेऊन बाहेर आली. तिचा देश यादीत होता. आमचा नव्हता. समोरच्या दारातली केरळची शेजारीण गावाकडे कित्येक वर्षं गाडी चालवत आलेली, पण तिलाही माझ्यासारखंच पहिल्यापासून सुरू करावं लागलं. उन्हात पिंपं मांडून ठेवलेली असायची, त्यांच्या मधून उलटी गाडी घालायची, पिंपाला नुसता वारा लागला तरी नापास. मग चढ, मग रस्ता. मी रडले, पुन्हा उभी राहिले आणि मिळवलं. तेव्हा मला त्या यादीचा राग आला होता. पण मनात म्हटलं, परका मुलूख, त्यांचे नियम त्यांच्यापाशी. आपल्या घरी असं होणार नाही.

घरी असं होणार नाही! काय पण भाबडी मी.

बाबांना फोन करून सांगितलं, लायसन मिळालं. तिकडून थोडा वेळ नुसता पोदेराचा भोंगा ऐकू आला, पाववाला दारात आला असावा. मग बाबा म्हणाले, "थंयचे रस्ते सरळ. म्हशीक बसयली तरी चलयतली. आमच्या चिरेखणीचां वळण घेवन दाखय, मगे मानतंय."

चिरेखणीचं वळण म्हणजे आमच्या डोंगरावरून उतरताना मधे लागतं ते. एका अंगाला जुनी चिऱ्याची खण, सरळ तुटलेली, तळाला हिरवं पाणी. दुसऱ्या अंगाला दरड. समोरून काय येतंय ते वळल्याशिवाय दिसत नाही. मी वर्षानुवर्षं मस्कतच्या सहा पदरी रस्त्यांवरून गाडी हाकली आणि प्रत्येक वळणावर मनात ते वळण घेतलं. हसू नका. मुलीला बापाकडून शाबासकी हवी असली की ती वाळवंटातसुद्धा चिरेखण शोधते.

मग बाबांच्या डोळ्यांचं आलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, जी नजर गेली ती गेली, उरलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही. कडांकडून अंधार येत जाईल. बाबांचं लायसन संपलं तेव्हा नव्यासाठी डॉक्टरांनी सही दिली नाही. बाबांनी वाद घातला नाही. जीपची चावी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि आईला म्हणाले, "यंदा काजू आपल्या गाडीन उतरलो तर उतरलो. ना तर डोंगर मक्त्यान दिवया." आईनं ते मला रडत फोनवर सांगितलं. मी शिमग्याच्या आधी बॅग भरून निघाले.

डोंगर मला हवा होताच, खोटं कशाला बोलू. पण खरं हवं होतं ते वेगळंच. बाबांना दिसतंय तोवर त्यांना बाजूला बसवून ते वळण घ्यायचं होतं. बस, एवढंच. याच्यासाठी विमानात बसले होते. पर्समध्ये मस्कतचं लायसन होतं, चकचकीत, माझ्या फोटोचं.

आरटीओच्या काउंटरवरच्या बाईंनी केसात अबोलीचा वळेसर माळला होता. माझं लायसन त्यांनी उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. "हें हांगा चलचें ना, बाय."

म्हटलं, "बदलून द्या मग."

"बदलून मेळना. नवें करूंक जाय."

म्हटलं, बाहेरच्या देशाचं लायसन असलं तर परीक्षा माफ होते असं ऐकलंय. त्या म्हणाल्या, होते. मी खूश झाले. मग म्हणाल्या, पण ते सायबांच्या हातात. साहेब आत होते. साहेब म्हणाले, माफी आहे, पण तुमचं लायसन खरं आहे असं तिकडच्या वकिलातीचं पत्र आणा. पत्राला किती दिवस? ते त्यांनाच विचारा. मी विचारलं. तिकडून उत्तर आलं, तुमच्याकडच्या कार्यालयानं आम्हाला विचारायला हवं, आम्ही परस्पर देत नाही. पुन्हा काउंटर. त्या दिवशी वळेसरवाल्या बाई रजेवर, त्यांच्या जागी एक बाप्या. तो म्हणाला, माफी बिफी काही नाही, तुम्ही इथल्याच ना? मग इथल्यांसारखं शिकाऊ लायसन काढा, महिनाभर थांबा, परीक्षा द्या. एकाच टेबलावर दोन खेपांत दोन कायदे. भांडायचं तरी कुणाशी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि तिकडे डोंगरावर बोंडू पडायला लागले होते. काजूचं झाड कुणाच्या सहीसाठी थांबत नाही. बोंडू आज पडला तर आज उचलायचा, संध्याकाळी कोळंबीत, म्हणजे मळणीच्या दगडी खळ्यात, तुडवायचा. उद्यापर्यंत ठेवला तर त्याच्यावर माश्या, परवा नुसतं पाणी. झाडाखाली पिवळे-तांबडे सडे पडलेले मी बघत होते आणि हिशेब एकच होता, शिकाऊचा महिना संपेपर्यंत हंगामही संपतोय.

कुणी म्हणेल, एवढं काय, चालवायची तशीच. अर्धा गोवा तसाच फिरतो. मीही तेच म्हटलं. पण बाबांनी खिळ्यासमोर खुर्ची टाकली आणि बसले. "लायसन नाय, चावी नाय." ट्रकवर उभा जन्म गेला, एकदाही कुणी बाजूला घेतलं नव्हतं, त्याची त्यांना घमेंड होती. त्याच घमेंडीनं स्वतःची चावी खिळ्याला लावली होती. माझ्यासाठी ती कशी निघणार? मला त्या क्षणी बापाचा राग आला, सरकारचा आला, डोळ्यांच्या डॉक्टरचा आला. आईनं समोर सोलांचं पाणी आणून ठेवलं. "पी आदी. मगे भांड."

आईनं दुसरा मार्ग काढला. तिच्या दृष्टीनं तोच पहिला. "देवाक विचारल्याशिवाय अर्ज घातलंस, म्हणान घोडां अडलां." देवळात गेलो. गुरवानं देवाच्या अंगावर पाण्यानं कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचो कागद मार्गाक लाव..." आम्ही हात जोडून उभ्या. समईचा धूर, भिजलेल्या दगडाचा गारवा, कुठलीच कळी हलेना. मग एक कळी सुटली, देवाच्या उजव्या अंगाची. उजवा कौल, म्हणजे होकार! आईनं दोन्ही गालांवर हात मारून घेतले. मी मुकाट्यानं शिकाऊ लायसन काढलं. कंप्युटरवर चिन्हं ओळखायची असतात ती सगळी ओळखली. बाहेर येऊन बाबांना म्हटलं, आता एल लावून चालवता येतं. बाबांचा चेहरा उजळला. पण नुसता क्षणभरच. "बाजूक लायसनवालो बसूंक जाय," ते म्हणाले. "माझां खंय आसा?"

जन्मभर ट्रक चालवलेला माणूस बाजूला बसायला लायक नाही, आणि कित्येक वर्षं गाडी चालवलेली मुलगी चक्रावर बसायला लायक नाही. एका जीपमध्ये दोन ड्रायव्हर आणि जीप उभी. गावात शोधावं तर जो तो टॅक्सी घेऊन मोपाच्या विमानतळावर. हंगाम त्यांचाही होता.

तेव्हा मावशीनं हेलेनाला पाठवलं.

मावशीच्या हरमलला पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. तिथं पोलंडची एक बाई दर वर्षी येऊन राहते. साठीची, उंच, उन्हानं भाजून तांबडी झालेली, गावातल्या कुत्र्यांची नावं पाठ असलेली. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना होता, राखाडी पुठ्ठ्याची एक पुस्तिका. ती दाखवली की आमची जीप तिला चालवता येत होती, अगदी कायद्यानं. मला नाही, तिला. जिच्या आज्यानं लावलेली झाडं, तिला नाही. जी बोंडूला फळ समजते की फूल हे मला अजून कळलेलं नाही, तिला! मावशी म्हणाली, "अगो, बरां झालां ना? काजू तर उतरतलो." झालंच बरं. मी दातांवर दात ठेवून बरं म्हटलं.

बाबांनी चावी काढून तिच्या हातात दिली. मी पाहत होते. त्यांनी पुस्तिका दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरली, फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं आणि चावी दिली.

मग तो सगळा हंगाम असा गेला: हेलेना चक्रावर, बाबा तिच्या बाजूला, आणि मी मागे, टोपल्यांमध्ये. बोंडूंचा रस झिरपून माझी साडी मांडीपर्यंत चिकट. माश्या. वरून कडक ऊन. हेलेनाच्या देशातही मस्कतसारखं उजव्या बाजूनं चालवतात, त्यामुळे रिकामा रस्ता दिसला की तिची गाडी हळूच उजवीकडे सरकायची आणि बाबा ओरडायचे, "दाव्यान! दाव्यान घे गे!" तिला तो शब्द आवडला. स्वतःच म्हणायची, "दावान, दावान," आणि मान हलवायची. बाबा हसायचे. माझे बाबा, जे गाडीत बोलत नाहीत ते. तिला हातांनी दाखवायचे, वळणाच्या आधी गिअर कसा पाडायचा, हॉर्न कुठं द्यायचा, चढावर येणाऱ्याला वाट कशी द्यायची. मला जे कधी शिकवलं नाही ते सगळं त्या बाईला खुणांनी शिकवत होते, आणि मी मागे बसून चोरून शिकत होते. चिरेखणीच्या वळणावर पाय पायपुसण्यावर दाबला जायचा तेव्हा मला आसुरी बरं वाटायचं. म्हणजे तीही नाही.

एकदा तपासणीला पोलिसानं हात केला. हेलेनाची पुस्तिका पाहिली, सलाम ठोकल्यासारखा हात वर केला, "ओके म्याडम." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तूं खंयची?" मी म्हटलं, ही जीप आमची आहे. तो म्हणाला, "तशें न्हय, फाटल्यान बसून वचूं नाका, पडशी." बाबा पुढे बसून गालातल्या गालात हसत होते. एरवी मीही हसले असते.

संध्याकाळी कोळंबीत बोंडू तुडवायचे. पावलांखाली पचपच, नीरोची, म्हणजे बोंडूंच्या रसाची, धार मडक्यात, खाली भट्टीचा धूर. हेलेनाही साडी नेसवून घेऊन तुडवायला उतरली. बाबा कठड्यावर बसून धारेचा आवाज ऐकत. एकदा मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ती बरी चलयता. पण घाबरता." मग म्हणाले, "तुझो महिनो कधी संपता?" म्हणजे तेही मोजत होते. मी पुन्हा कोळंबीत उतरले आणि अंधार पडेपर्यंत तुडवत राहिले.

महिना संपला. परीक्षेला गेले. मैदान, चुन्यानं आखलेला आठ, खुर्चीवर अधिकारी. आठ सुरेख काढला. बाजूला भाड्याच्या गाडीचा मालक बसलेला, तोही मान डोलवत होता. वळताना प्रत्येक वेळी इशाऱ्याऐवजी वायपर चालू होत होता, कारण मस्कतच्या गाड्यांत त्या दांड्या उलट्या हातांना असतात. त्या भर उन्हात कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र. अधिकारी काही बोलले नाहीत. मग रस्त्यावर नेलं आणि म्हणाले, "हां, आता गाडी कडेक लावा."

मी लावली. अगदी सफाईनं, आरशात बघून, इशारा देऊन. उजव्या कडेला.

समोरून येणारी बस माझ्या नाकाशी थांबली. ड्रायव्हर खाली वाकून काय बोलला ते इथं लिहिता येत नाही. अधिकाऱ्यांनी कागदावर काट मारली आणि विचारलं, "म्याडम, तुम्ही नक्की चालवत होता ना तिकडे?" तिकडे चालवत होते म्हणूनच तर! महिनाभर हेलेनाच्या मागे बसून "दाव्यान, दाव्यान" ऐकलं ते कुणाच्या कानात गेलं होतं कोण जाणे. वर्षानुवर्षांची सवय हातांत असते, कानांत नाही. घरी आले तर आई देवासमोर बसलेली. सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "देवान उजवो कौल दिलो म्हणान तू उजवीकडेच गेलंस?" बाबा हसले नाहीत. उठून आत गेले. जाताना दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागला. त्या दाराला तो पूर्वी कधी लागला नव्हता.

पुन्हा परीक्षा, पुन्हा तारीख, मग साहेब निवडणुकीच्या कामावर. पास झाले तेव्हा डोंगरावर शेवटचे बोंडू सुकून काळे पडत होते. कार्ड छापून पोस्टानं येणार होतं. ते आलं तेव्हा अंगणात चिखल होता, जीपवर ताडपत्री होती आणि हेलेना केव्हाच आपल्या देशी गेली होती. मी कार्ड बाबांच्या हातात दिलं. त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, आणखी जवळ नेलं, मग अंगठ्यानं कडा चाचपली. "फोटो बरो आयला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पावसात त्यांची उरलेली नजरही गेली. दिवाळीला पणत्या लावल्या तेव्हा ते उजेडाच्या दिशेनं तोंड करून बसायचे, एवढंच.

डोंगर राहिला. काजू आपल्या गाडीनं उतरला, बाबांचा शब्द राहिला. हेलेनाचे उपकार मी विसरत नाही. यंदाही ती आली आणि मी तिला बिया भाजून दिल्या. पण मला कुणी सांगेल का, त्या काउंटरच्या दोन कायद्यांत माझा जो एक महिना गेला तो कुठल्या खिडकीत बदलून मिळतो?

आज सकाळी या हंगामाची माझी पहिली खेप. रात्रीचं दव अजून पानांवर होतं. बाबा काठी टेकत आले, हातानं पत्रा चाचपत डाव्या सीटपर्यंत पोहोचले आणि बसले. मी आधार द्यायला गेले तर हात झटकला. आईनं नारळ फोडला. वर जाऊन टोपल्या भरल्या, आणि उतारावर जीप काढली. पाठीत घाम. गिअर खाली पाडला, हॉर्न दिला, दरडीकडून डाव्यानं अलगद घेतलं. घेता घेता नजर बाबांच्या पायाकडे गेली.

पाय भोकावर नुसता ठेवलेला. हलला नाही.

जिवाचा आटापिटा केला होता तो याच्यासाठी! चक्र हातात नसतं तर मी टाळी वाजवली असती. पुढच्या सरळ रस्त्यावर आल्यावर म्हटलं, "बाबा, वळण गेलां."

"गेलां?" बाबांनी चमकून तोंड खणीच्या बाजूला फिरवलं. खण केव्हाच मागे राहिली होती. "माका दिसलांच नाय गो."

मी राखणदाराच्या, डोंगर राखणाऱ्या देवाच्या, घुमटीपाशी जीप थांबवली. भरवसा नव्हता तो, अंधार होता. आणि गेल्या वर्षी, नेमक्या याच दिवसांत, त्यांना ते वळण दिसत होतं. मी तेव्हा मागे माश्या हाकत बसले होते, कारण माझ्या खऱ्या लायसनाला कुणी खरं म्हणायला तयार नव्हतं. मी चक्रावर मूठ आपटली. हॉर्न वाजला आणि घुमटीमागून टिटव्या ओरडत उठल्या.

बाबा म्हणाले, "फिरव गाडी. परत घे. आनी घेतना सांगत जा."

फिरवली. पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले. मोठ्यानं बोलत उतरले, शाळेत कविता म्हणतात तशी. "बाबा, आंब्याचं झाड गेलं. आता खण दिसते. आता दुसरा गिअर टाकते. हॉर्न देते. समोर काही नाही. आता डाव्यानं वळते..."

बाबांचा उजवा पाय त्या भोकात असा दाबला गेला की अंगठा खालच्या पत्र्यावर खण्णकन आपटला.

वळण गेलं. मग बाबांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "दुसरो उशिरां घातलंस. आंब्याकडेच घालूंक जाय."

मला इतका राग आला, इतका राग आला की डोळ्यांतून पाणीच आलं. मागे टोपल्यांतल्या बोंडूंना वास सुटायला लागला होता. भट्टीवर लोक वाट बघत असणार. बघू देत. मी तिसऱ्यांदा वळण घ्यायला घुमटीपाशी जीप फिरवली.